चांगले ब्लॉग शोधायचे कसे, आणि सापडले की पुढे द्यायचे कसे

‘हल्ली ब्लॉग लिहितं कोण?’ असं विचारणाऱ्याला बहुधा ब्लॉग सापडत नसतात, एवढंच. लिहिणारे भरपूर आहेत. त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या वाटा मात्र एकेक करत बुजल्या. एके काळी फक्त ब्लॉग धुंडाळणारी सर्च इंजिनं होती. ब्लॉगस्पॉट या गुगलच्या ब्लॉगसेवेवरच्या ब्लॉगांच्या माथ्यावर ‘पुढचा ब्लॉग’ असं बटण असायचं, ते दाबलं की कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या लिखाणात जाऊन पडायला व्हायचं. ते सगळं गेलं. आज सर्चच्या पहिल्या पानावर मोठ्या साइट्स बसलेल्या असतात, आणि सोशल मीडियाला तर तुम्ही बाहेरच्या लिंकवर गेलेलंच नको असतं.

महिन्या-दोन महिन्यांतून सवड मिळाली की एखादी पोस्ट टाकणारा जो हौशी ब्लॉगर आहे, त्याच्यासाठी हा लेख. आपल्याला दुसऱ्यांचं वाचायला आवडतं, आवडलेलं चार जणांना सांगावंसंही वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशी त्याची अवस्था असते. माझं म्हणणं साधं आहे: चांगला ब्लॉग यंत्राकडून क्वचित मिळतो, माणसाकडून मिळतो. तेव्हा शोधायचं ते माणसांच्या मागानं, आणि पुढे द्यायचं तेही आपण माणूस आहोत हे दिसेल अशा रीतीनं.

पहिली पायरी : हाताशी असलेल्या एका ब्लॉगपासून निघा

तुम्हाला आवडणारा एक तरी ब्लॉग असेलच. तो उघडा, पण या वेळी पोस्ट वाचू नका. बाजूच्या पट्टीत किंवा अगदी तळाशी ‘आवडते ब्लॉग’, ‘मी काय वाचतो’, ‘इतर दुवे’ अशी यादी आहे का बघा. यालाच ब्लॉगरोल म्हणतात. मोबाइलवर ही पट्टी बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून ब्राउझरच्या मेनूतून डेस्कटॉप साइट निवडा किंवा सरळ संगणकावर बसा. यादीतले निम्मे दुवे बंद पडलेले निघतील. त्यानं नाउमेद होऊ नका, उरलेले निम्मे सहसा सोन्यासारखे असतात, कारण इतक्या वर्षांनंतरही ते चालू आहेत.

यादी नसेल तर पोस्टच्या मजकुरातल्या लिंका बघा. लेखक कुणाचा हवाला देतो, कुणाशी वाद घालतो? वाद घातलेला ब्लॉग तर आवर्जून उघडा. ज्याचं म्हणणं खोडायला कुणी दीड हजार शब्द खर्च करतो, त्याच्याकडे काही तरी ऐवज असणार. मग खालच्या प्रतिक्रिया. ‘छान’, ‘मस्त’ सोडून द्या. ज्यानं पोस्टमध्ये नसलेली माहिती भरली आहे, किंवा ‘हे असं नसून तसं आहे’ म्हणून नीट समजावलं आहे, त्याच्या नावावर क्लिक करा. ब्लॉगस्पॉटवर ते प्रोफाइलवर नेतं, आणि तिथे त्या माणसाचे स्वतःचे ब्लॉग दिसतात. त्यानं परवानगी ठेवली असेल तर तो कुणाचे ब्लॉग फॉलो करतो हेही दिसतं. वर्डप्रेस या दुसऱ्या ब्लॉगसेवेवर नावालाच बहुतेक वेळा त्याच्या साइटची लिंक असते.

अशा दोन-तीन उड्या माराव्यात. पहिल्या उडीत त्याच कंपूतली माणसं भेटतात, तेच विषय, तीच मतं. तिसऱ्या उडीला तुम्ही अशा जागी पोहोचता जिथे स्वतःहून कधीच गेला नसता.

दुसरी पायरी : सर्च इंजिनला नीट विचारा

‘चांगले ब्लॉग’ असं सर्च केलं तर ‘टॉप फिफ्टी ब्लॉग्ज’ छापाच्या याद्या मिळतात. त्या बहुतेक एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, आणि त्या बनवणाऱ्यानं ते पन्नास ब्लॉग वाचले असतील अशी शंका घ्यायलाही जागा नसते.

त्यापेक्षा विषय बारीक करा. ‘पक्षी’ शोधण्यापेक्षा एखाद्या पक्ष्याचं नाव आणि त्यासोबत माणूस स्वतःबद्दल लिहितो तेव्हा वापरतो ते शब्द टाका: ‘पहिल्यांदाच दिसला’, ‘माझ्या खिडकीतून’, ‘कॅमेरा काढेपर्यंत’. हे शब्द अवतरणचिन्हांत घातले की सर्च इंजिन नेमका तोच शब्दसमूह शोधतं. माहिती विकणाऱ्या साइट्स असं लिहीत नाहीत, माणसं लिहितात.

दुसरी युक्ती ‘साइट’ या आज्ञेची. रोमन अक्षरांत ‘साइट’, मग कोलन, आणि मध्ये जागा न सोडता ब्लॉगस्पॉट.कॉम किंवा वर्डप्रेस.कॉम, त्यानंतर जागा सोडून तुमचा विषय. मग फक्त तिथलेच निकाल येतात. ज्यांनी स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचा स्वतंत्र पत्ता, विकत घेतलं आहे ते यातून निसटतात, तरी सुरुवातीला एवढं पुरतं. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह लावलं की तो शब्द असलेली पानं गळतात. ‘खरेदी’, ‘ऑफर’ असले शब्द वजा केले की निकाल एकदम माणसात येतो.

मराठीत शोधताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. हौशी लेखक ऱ्हस्व-दीर्घाच्या भानगडीत पडत नाहीत. ‘दुर्बीण’ शोधलंत तर ‘दुर्बिण’ लिहिणारा हुकेल, ‘खगोलशास्त्र’ शोधलंत तर ‘आकाशदर्शन’ लिहिणारा. दोन्ही-तिन्ही रूपं करून बघा.

छोट्या साइट्सना वाव देणारी ठिकाणंही आहेत. ‘ऊह डिरेक्टरी’ ही 2022 मध्ये सुरू झालेली ब्लॉगांची विषयवार सूची आहे. ‘कागी’ या सर्च इंजिनचं ‘स्मॉल वेब’ हे पान 2023 पासून आहे, ते दर वेळी कुठल्या तरी वैयक्तिक ब्लॉगची ताजी पोस्ट पुढ्यात टाकतं, साधारण त्या जुन्या ‘पुढचा ब्लॉग’ बटणासारखं. ‘मार्जिनालिया’ नावाचं सर्च इंजिन मुद्दाम मजकूरप्रधान, साध्या साइट्स वर आणतं. तिन्ही ठिकाणी इंग्रजीचं राज्य आहे. मराठी ब्लॉगसाठी पहिली पायरीच खरी कामाची.

तिसरी पायरी : जरा पारखून घ्या

एक पोस्ट आवडली म्हणजे ब्लॉग आवडला असं नाही. आणखी तीन वाचा: सर्वांत ताजी, एखाद्या वर्षापूर्वीची, आणि ज्या विषयात तुम्हाला काडीचा रस नाही अशी एखादी. तिसरीही शेवटपर्यंत वाचावीशी वाटली तर तो लेखक तुमचा.

शेवटची पोस्ट आठ महिन्यांपूर्वीची असली तरी फुली मारू नका. हौशी माणसाच्या ब्लॉगला खंड पडतोच. उलट दर दोन दिवसांनी पोस्ट, प्रत्येकीची लांबी सारखी, लिहिणाऱ्याचं नाव कुठे नाही, ‘मी केलं’, ‘मी पाहिलं’ असं एकही वाक्य नाही आणि दर परिच्छेदात काही तरी विकत घ्यायची लिंक, असा मामला दिसला की निघून यावं. पूर्ण बंद पडलेला ब्लॉगही वाचण्याजोगा असू शकतो. त्याच्या नव्या पोस्टची वाट बघण्यात अर्थ नाही, पण जुनी पानं खुशाल उपसा.

चौथी पायरी : फीड रीडर लावा

या पायरीवर जरा थांबायला हवं, कारण नवखे इथेच घोळ घालतात. ब्लॉग आवडतो, बुकमार्क होतो, आणि बुकमार्कांच्या ढिगात कायमचा गाडला जातो. किंवा लेखकाला सोशल मीडियावर फॉलो केलं जातं, आणि तिथे त्याची नवी पोस्ट तुम्हाला दाखवायची की नाही हे तिसराच कुणी ठरवतो.

यावरचा उपाय जुना आणि फुकट आहे. जवळपास प्रत्येक ब्लॉग आपल्या नव्या पोस्टची एक यादी यंत्राला वाचता येईल अशा रूपात आपोआप तयार ठेवतो. तिला फीड म्हणतात. 1999 मध्ये नेटस्केपनं याचं आरएसएस हे रूप आणलं, 2005 मध्ये ॲटम हे दुसरं रूप प्रमाणित झालं. तुम्हाला वापरताना दोन्हींत काही फरक जाणवणार नाही. फीड रीडर नावाचं ॲप ठरावीक वेळानं या याद्या तपासतं आणि नवीन आलेलं तुमच्यासमोर मांडतं, तारखेच्या क्रमानं. काय दाखवायचं ते तिसरा कुणी ठरवत नाही, आणि तुम्ही कोण वाचताय हे लेखकालाही सहसा कळत नाही.

रीडर कुठला घ्यायचा यावर फार डोकं लढवू नका. फीडली, इनोरीडर, न्यूजब्लर हे ब्राउझरमध्ये चालतात, त्यांची मोबाइल ॲप्सही आहेत आणि सुरुवातीला फुकट खातं पुरतं. ॲपलची उपकरणं वापरणाऱ्यांसाठी नेटन्यूजवायर हा पूर्णपणे मोफत आणि चांगला रीडर आहे. संगणकावर मेलसाठी थंडरबर्ड वापरत असाल तर त्यातच फीड वाचायची सोय आहे, वेगळं काही नकोच.

ब्लॉगचा पत्ता रीडरच्या ‘ॲड’ किंवा अधिकच्या चिन्हात चिकटवला की बहुतेक वेळा फीड तो स्वतःच शोधतो. नाही सापडलं तर हातानं पत्ता तयार करायचा. वर्डप्रेस आणि सबस्टॅक (हीही लिखाण प्रसिद्ध करायची एक सेवा) यांच्या पत्त्यापुढे स्लॅश देऊन ‘फीड’ लिहायचं. ब्लॉगस्पॉटला ‘फीड्स’, ‘पोस्ट्स’, ‘डीफॉल्ट’ हे तीन शब्द याच क्रमानं, प्रत्येकाआधी एक स्लॅश. मीडियम या तशाच सेवेवर डोमेननंतर आधी ‘फीड’, मग स्लॅश आणि त्यापुढे ॲटच्या खुणेसह लेखकाचं नाव. हे सगळं अर्थातच रोमन अक्षरांत. एखाद्या वर्डप्रेस ब्लॉगवर तुम्हाला एकाच विषयाचं वाचायचं असेल तर त्या विषयाच्या टॅगचं (पोस्टला लावलेल्या विषयाच्या खुणेचं) पान उघडा आणि त्याच्या पत्त्यापुढे ‘फीड’ जोडा. लेखकाची राजकीय मतं वगळून फक्त त्याचं भटकंतीचं लिखाण वाचायचं असेल तर ही सोय फार उपयोगी पडते.

काही जुन्या ब्लॉगस्पॉट ब्लॉगांवर ‘नव्या पोस्ट ईमेलनं मिळवा’ अशी चौकट अजून दिसते. तिच्यात पत्ता घालून वाट बघत बसू नका. ती गुगलच्या फीडबर्नर सेवेवर चालायची आणि फीडबर्नरनं ईमेल पाठवणं 2021 मध्ये बंद केलं. फीड मात्र चालू असतं.

आता फोल्डर. सगळे जण विषयवार करतात: प्रवास, पुस्तकं, तंत्रज्ञान. माझं मत वेगळं आहे. एक फोल्डर रोज-दोन रोजांनी लिहिणाऱ्यांचा करा आणि एक क्वचित लिहिणाऱ्यांचा. दोन्ही एकत्र ठेवलेत तर दिवसाला चार पोस्ट टाकणारा, चार महिन्यांनी एक टाकणाऱ्याला बुडवतो. आणि गंमत अशी की ज्यांच्यासाठी तुम्ही रीडर लावला ते बहुतेक या दुसऱ्या फोल्डरमधले असतात. तो आधी उघडायचा. पहिला फोल्डर साठला तर ‘सगळं वाचलं’ अशी खूण करून मोकळं व्हायचं. न वाचलेल्या पोस्टचा आकडा म्हणजे काही थकलेला हप्ता नव्हे.

कितीही चांगला रीडर मिळाला तरी अधूनमधून सेटिंगमध्ये जाऊन आपली यादी एक्स्पोर्ट करून ठेवा. ओपीएमएल नावाची छोटीशी फाइल मिळते, ती दुसऱ्या कुठल्याही रीडरमध्ये चढवता येते. गुगल रीडर हा त्या काळातला सर्वांत लोकप्रिय रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झाला. ज्यांनी ही फाइल काढून ठेवली होती त्यांचं वाचन दुसऱ्या रीडरवर पुढे चालू राहिलं. हीच फाइल मित्राला पाठवली तर तुमचे सगळे ब्लॉग एका झटक्यात त्याच्याकडे जातात, अर्थात त्यात काय काय आहे ते आधी स्वतः एकदा नजरेखालून घालावं.

पाचवी पायरी : पुढे द्यायचं तर असं

वाचताना एखादी पोस्ट मनात राहिली तर तिची लिंक आणि का आवडली याचं एक वाक्य लगेच कुठे तरी लिहून ठेवा. नुसती लिंक ठेवलीत तर महिनाभरानं ती बघून ‘ही का ठेवली होती?’ असं होतं.

शेअर करताना ब्लॉगच्या मुख्य पानाची लिंक देऊ नका, पोस्टची द्या. ‘हा ब्लॉग वाचा’ म्हटलं की वाचणारा मुख्य पानावर जातो, तिथे नेमकी त्या दिवशीची एखादी फुटकळ पोस्ट दिसते आणि तो परत येतो. पोस्टच्या शीर्षकावर क्लिक केलं की वर जो पत्ता दिसतो तो कायमचा, तोच उचला. त्यात प्रश्नचिन्हापुढे ‘यूटीएम’ किंवा ‘एफबीक्लिड’नं सुरू होणारं शेपूट असेल तर ते कापून टाका. ते फक्त तुम्ही कुठून आलात याचा माग ठेवायला असतं. कापल्यावर लिंक एकदा उघडून बघा, कारण काही साइट्सवर प्रश्नचिन्हापुढचा आकडाच पोस्टची ओळख असतो.

मग तुमचं म्हणणं. समजा जुन्या हातघड्याळांच्या दुरुस्तीवरचा एक ब्लॉग तुम्हाला सापडला. ‘अप्रतिम ब्लॉग!! प्रत्येकानं वाचलाच पाहिजे’ असं लिहिलंत तर कुणी वाचणार नाही. हे बघा:

‘हा गृहस्थ जुनी घड्याळं उघडून स्वतः दुरुस्त करतो. किल्ली दिली तरी दहा मिनिटांत थांबणारं एक घड्याळ त्याच्या हाती लागलं, आणि प्रत्येक रविवारी त्याला वाटायचं की आता दोष सापडला. घड्याळातलं मला ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. फोटो खूप आहेत, पान उघडायला वेळ लागेल.’

इथे पोस्टमध्ये काय आहे ते कळतं, सांगणारा कोण आहे ते कळतं, आणि शेवटचा दोष मात्र काय निघाला ते कळत नाही. त्यासाठी तिकडे जावंच लागतं. उणीव सांगितली आहे म्हणून कौतुकावर विश्वास बसतो. चार वाक्यं पुरतात. पाचव्या वाक्यापासून तुम्ही स्वतःची पोस्ट लिहायला लागलेले असता, आणि तसं होत असेल तर खरंच वेगळी पोस्ट लिहा.

उतारा द्यायचाच असेल तर दोन-तीन ओळींचा, अवतरणचिन्हांत, लेखकाच्या नावानं, आणि जवळच लिंक. आख्खी पोस्ट कॉपी करून खाली ‘साभार’ लिहिलं की झालं, असा समज फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. मजकुरावर हक्क लेखकाचा असतो आणि ‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे. फोटोंचं, कवितांचं आणि भाषांतराचं तसंच: आधी विचारायचं, हो म्हटलं तर वापरायचं. स्क्रीनशॉटनं हक्कापलीकडेही एक नुकसान होतं. वाचणाऱ्याला लेखकापर्यंत जाण्याची वाटच उरत नाही. व्हॉट्सॲपवर कुणाचं तरी देखणं लिखाण निनावी फिरताना आपण रोज बघतो. त्याच्या प्रवासात कुणी तरी पहिल्यांदा लिंक गाळलेली असते. निनावी फॉरवर्ड आवडलं तर त्यातलं एखादं वेगळं वाक्य अवतरणचिन्हांत घालून सर्च करा, कित्येकदा मूळ ब्लॉग सापडतो. सापडला की फॉरवर्डऐवजी तो पाठवा.

लिंक द्यायला परवानगी लागत नाही. तरी एक अपवाद मी पाळतो. काही ब्लॉग सर्वांसाठी उघडे असले तरी मोजक्या ओळखीच्यांसाठी लिहिलेले असतात: आजारपणाबद्दल, घरातल्या मृत्यूबद्दल, नोकरी गेल्याबद्दल. तिथे शंभर अनोळखी माणसं एकदम धाडण्यापूर्वी लेखकाला एक ओळ लिहून विचारावं.

आणि तो ब्लॉग तुम्हाला ज्याच्यामुळे मिळाला त्याचं नाव घ्या. ‘अमुकच्या यादीतून सापडला’ एवढं पुरे. त्यानं तुमच्या वाचकाला आणखी एक दार मिळतं.

सहावी पायरी : स्वतःची कायमची यादी

ब्लॉगस्पॉटवर लेआउटमध्ये गेलात की ब्लॉग सूचीचं एक गॅजेट मिळतं. त्यात पत्ते घातले की ज्यानं नुकतं लिहिलं तो आपोआप वर येतो आणि ताज्या पोस्टचं शीर्षकही दिसतं. इतकी चांगली सोय फार कमी जण वापरतात. वर्डप्रेसमध्ये अशा यादीचा विभाग पूर्वी तयारच मिळायचा. 2012 च्या 3.5 आवृत्तीपासून नव्या साइट्सवर तो लपवलेला असतो. त्याच्या मागे लागण्यापेक्षा साधं एक पान करा आणि मेनूत लावा.

यादी छोटी ठेवा. ज्यांच्याबद्दल कुणी विचारलं तर दोन मिनिटं बोलता येईल तेवढेच ब्लॉग, आणि प्रत्येकापुढे एक ओळ. ‘तुम्ही माझी लिंक लावा, मी तुमची लावतो’ असे मेल येऊ लागतील. ब्लॉग खरोखर आवडला असेल तर लावा, नाही तर गोड शब्दांत नकार द्या. निव्वळ देवाणघेवाणीसाठी लावलेल्या लिंकांचा अतिरेक गुगलच्या नियमांतही स्पॅममध्ये मोडतो.

वर्षातून एकदा यादीतली प्रत्येक लिंक उघडून बघा. लेखकानं डोमेनचे पैसे भरायचं सोडलं की ते नाव दुसराच कुणी विकत घेतो, आणि तुमच्या यादीतल्या कवितांच्या ब्लॉगच्या जागी जुगाराची जाहिरात उभी असते. अशा वेळी जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये टाका. जतन झालेली प्रत मिळाली तर तिची लिंक लावा. तिथेच ‘सेव्ह पेज नाउ’ ही सोय आहे. फार आवडलेली पोस्ट वेळीच तिथे जतन करून ठेवली तर पुढे शोधाशोध वाचते.

शेवटी लेखकाला कळवा

दोन्ही ब्लॉग वर्डप्रेसवर असतील आणि पिंगबॅक ही लिंकची आपोआप वर्दी देणारी सोय चालू असेल तर लिंक दिल्याचं लेखकाला आपोआप कळू शकतं. स्पॅमच्या त्रासानं अनेकांनी ते बंद करून ठेवलेलं असतं, म्हणून त्यावर विसंबू नका. त्याच्या पोस्टखाली सरळ प्रतिक्रिया लिहा. नेमकं काय आवडलं ते सांगा, ‘घड्याळ उलटं ठेवल्यावर चालू झालं तो परिच्छेद’ इतकं नेमकं. स्वतःच्या ब्लॉगची लिंक त्या प्रतिक्रियेत चिकटवू नका. नावामागे ती असतेच, ज्याला यायचं तो येतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारणा नको. आणि ‘कृपया माझी लिंक काढा’ असं उत्तर आलं तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा.